लाल पट्ट्याची सुटकेस

मी एक जुनी सुटकेस आहे, मित्रांनो, आणि मला चाकं नाहीत. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. हल्ली मला बघितलं की मुलं पहिला प्रश्न हाच विचारतात, "हिला ओढायचं कसं?" अरे बाळांनो, मला ओढायचं नसतं. मला उचलायचं असतं. उचलणाऱ्याच्या मनगटाला कळ लागते, तो दर शंभर पावलांवर मला खाली ठेवतो, हात बदलतो आणि माझ्या नावाने बोटं मोडतो. माझा सगळा जन्म असाच लोकांच्या शिव्या खात गेला.

माझा जन्म फिनलंडच्या उत्तरेकडचा, काजानी गावचा. १९४६ साल होतं, युद्ध नुकतंच संपलं होतं, कातडं मिळत नव्हतं. जंगल मात्र मुबलक होतं, म्हणून लाकडाच्या लगद्याचा जाड पुठ्ठा दाबून मला बनवलं. कोपऱ्यांना पत्रा ठोकला, वर दोन कड्या बसवल्या. उजवी कडी गुणी निघाली. डावी जन्मापासून खट्याळ, केव्हा उघडेल त्याचा नेम नाही.

हिल्माबाईंनी मला विकत घेतलं ते त्यांच्या दोन मुलींसाठी. थोरली आउने आणि धाकटी लेम्पी. झाकणाच्या आत शाईने दोघींची नावं लिहून बाई म्हणाल्या, "दोघींत मिळून एक. हिच्यावरून भांडलात तर चुलीत घालीन. हिलाही आणि तुम्हालाही."

डावी कडी दगा देते हे कळल्यावर बाईंनी घरच्या छोट्या मागावर माझ्यासाठी एक पट्टा विणला. लालभडक, मध्ये दोन पांढऱ्या रेघा. विणताना एका जागी चुकून हिरवा धागा घुसला. लेम्पी हसली तर बाई म्हणाल्या, "राहू दे. हरवली तर ओळखायला बरी." तो पट्टा आजही माझ्या पोटाभोवती आहे.

पुढे मुली मोठ्या झाल्या. आउनेने कागद कारखान्यातल्या ताइस्तोशी लग्न केलं. लेम्पी १९६० साली कामाच्या शोधात स्वीडनला निघाली, तेव्हा तिच्यापुढे मला ठेवलं. "तूच घे," आउने म्हणाली, पण अशा आवाजात म्हणाली की घेणाऱ्याने हात मागे घ्यावा. लेम्पीने कपडे एका खोक्यात भरले, वरून सुतळी बांधली आणि गेली. मी दाराशी तशीच उभी राहिले.

सात वर्षांनी हिल्माबाई वारल्या. तार उशिरा पोचली. लेम्पी दोन जहाजं आणि एक आगगाडी बदलून आली, तेव्हा माती देऊन दोन दिवस झाले होते. मी दारामागच्या बाकाखाली होते, म्हणून सगळं माझ्या कानावर पडलं. आमच्याकडे दारात वैरी आला तरी त्याला कॉफी विचारतात. मयताच्या घरी तर किटली खाली उतरतच नाही. आउनेने दार उघडलं, बहिणीकडे बघितलं आणि म्हणाली,

"कॉफी संपली."

एवढंच. लेम्पी आत आली नाही. आल्या पावली मागे फिरली. आउने दाराला टेकून बराच वेळ उभी होती. हाक मारावी असं तिच्या मनात आलं असणार, पण मारली नाही. आमच्या लोकांचं हेच आहे. बोलायचं ते पोटात ठेवतात आणि बोलू नये ते एखाद्या दिवशी नेमकं बोलून बसतात.

त्यानंतर बारा वर्षं मी माळ्यावर होते. माझ्यात लोकरीचे मोजे कोंबले, माझ्यावर मोडका स्टूल ठेवला. उंदराने माझा एक कोपरा कुरतडून पाहिला. चव आवडली नसावी. कुणाला माझी आठवण नव्हती, आणि खरं सांगते, मला फार वाईट वाटायचं.

मग १९७९ च्या मे महिन्यात पत्र आलं. वर स्टॉकहोमचा शिक्का, आत चारच ओळी. "जूनच्या सात तारखेला, गुरुवारी, सकाळी नऊला मी धक्क्यावर उभी असेन. आलीस तर ये. नाही आलीस तर मी पुन्हा लिहिणार नाही. लेम्पी." फोनचा आकडा दिलेला नव्हता. मुद्दामच दिला नसणार.

आउनेने त्याच दिवशी मला माळ्यावरून खाली काढलं. ओल्या फडक्याने पुसलं. पट्टा धुऊन, वाळवून पुन्हा बांधला. नवरा म्हणाला, "अगं, नवीन घेऊ या की एखादी." ती म्हणाली, "हीच न्यायची." त्यांची लेक साइमी तेव्हा नुकतीच नोकरीला लागली होती. तिने पहिल्या पगारातून आईवडिलांना हेलसिंकीपर्यंतची विमानाची तिकिटं काढून दिली. तिथे एक रात्र हॉटेलात राहायचं, आणि दुसऱ्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी सहाच्या जहाजाने निघायचं. साधा सरळ बेत होता. पण माणसं साधी सरळ असली की बेत बिघडायला वेळ लागत नाही.

विमानतळावरून शहरात येणारी बस रेल्वे स्टेशनपाशी थांबली. ड्रायव्हरने पोटातलं सामान भराभर काढून फुटपाथवर ठेवलं. इतक्यात राखाडी हॅटवाल्या एका गृहस्थाने माझी मूठ धरली आणि तरातरा चालू लागला. माझा जीव वरखाली झाला. ताइस्तोने ते पाहिलं होतं! त्याने काय करावं? तो त्या माणसाच्या शेजारून मुकाट चालू लागला. मागून आउने. अशी आमची वरात दोन चौक गेली. सिग्नलला थांबल्यावर हॅटवाल्याने त्रासून विचारलं,

"काही हवंय का तुम्हाला?"

"नाही, तसं काही नाही," ताइस्तो म्हणाला. "म्हणजे... तुमच्या हातात आहे ती आमची."

हॅटवाल्याने मला पाहिलं, मग त्याचा चेहरा कसनुसा झाला. "अहो, मग आधी बोलायचं नाही का!"

"तुम्ही घाईत दिसलात."

तो गृहस्थ आपली बॅग शोधायला उलटा पळत सुटला. आउने म्हणाली, "उद्या कुणी आपलं घर उचलून नेलं, तर तू त्याला दार धरून उभा राहशील."

"तू तरी कुठे बोललीस?" ताइस्तो म्हणाला. मला तेव्हा हसू आलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या हसण्याची लाज वाटली.

हॉटेलची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. आउने पलंगाच्या कडेला बसून पत्र पुन्हा वाचत होती. चारच ओळी होत्या, पण तिला त्या वाचायला अर्धा तास पुरत नव्हता.

"तिने कॉफीचा विषय काढला तर मी काय म्हणू?" तिने विचारलं.

"चुकले म्हण."

"असं एकदम कसं म्हणायचं?"

"मग रात्रभर जहाजात पाठ कर," ताइस्तो म्हणाला आणि कूस वळवून झोपला. आउने मात्र माझ्याजवळ येऊन बसली. त्या हिरव्या धाग्यावरून बोट फिरवत म्हणाली, "या खेपेला गेले नाही तर संपलंच गं." ती माझ्याशी बोलली, मित्रांनो. बारा वर्षांत पहिल्यांदा.

सकाळी ती नाश्त्याला खाली गेली आणि घोटाळा झाला. कारखान्यातल्या कुणा शहाण्याने ताइस्तोला सांगितलं होतं की राजधानीत ट्राममध्ये खिसे कापतात. त्याने कोटाच्या खिशातून जहाजाची दोन तिकिटं काढली, माझ्या झाकणाच्या आतल्या कापडी खिशात सरकवली, दोन्ही कड्या लावल्या, पट्टा आवळला आणि मला शाबासकी दिल्यासारखं थोपटलं. आउने वर आली. "तिकिटं आहेत ना नीट?" तिने विचारलं.

"आहेत," तो म्हणाला. बोलला ते खरंच, पण अर्धंच. उरलेलं अर्धं सांगितलं असतं तर बायको हसली असती, म्हणून त्याने ते गिळलं.

चार वाजता आम्ही ट्रामने बंदरावर पोचलो. जहाज समोर उभं होतं, एखादी पांढरी चाळ पाण्यात आणून ठेवावी तसं. बंदराच्या इमारतीत, मोठ्या दालनात रांगच रांग. अवजड सामान आधी एका खिडकीशी द्यायचं, हमाल त्याला चिठ्ठी बांधून गाड्यावर चढवणार, आणि सगळे उतारू चढले की शेवटी ते जहाजात जाणार, अशी पद्धत होती. ताइस्तोने मला खिडकीपाशी ठेवलं. हमालाने चिठ्ठी बांधली. त्याच क्षणी ताइस्तोचा डावा हात कोटाच्या खिशाकडे गेला.

माझ्या मुठीवरचा त्याचा उजवा हात एकदम थंड पडला. त्याला आठवलं होतं! मी मनात ओरडले, बोल, अरे बोल! एक कडी उघड, हात घाल, दोन कागद काढ. अर्ध्या मिनिटाचं काम.

"सोडा आता, साहेब," हमाल म्हणाला.

मागे वीस-पंचवीस माणसं उभी होती. ताइस्तोने वळून त्यांच्याकडे पाहिलं, आणि मूठ सोडली.

हमालाने माझा गाडा ढकलत नेऊन काचेच्या भिंतीपलीकडे लावला. तिथून मला सगळं दिसत होतं, आणि त्यांनाही मी दिसत होते. मधे फक्त काच आणि एक फाटक, दहा पावलांचं अंतर. फाटकातल्या बाईने तिकिटं मागितली. ताइस्तो तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटला. आउनेने चमकून आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं. बाईने हाताने खूण केली, जरा बाजूला उभे राहा, कुणाला तरी पाठवते. दोघं बाजूला झाली. बाई पुढच्या उतारूकडे वळली, आणि तिच्या डोक्यातून ती दोघं गेली ती गेलीच.

भिंतीवर घड्याळ होतं. पाच वाजून पाच मिनिटं.

पुढचं बोलणं मला साइमीमुळे ठाऊक आहे. तिने ते आईकडून शंभरदा ऐकलं, मी तिच्याकडून.

"तिला आठवण कर ना," आउने म्हणाली.

"रांग संपू दे. लोकांचा खोळंबा होईल."

साडेपाच झाले. रांग संपेना. एक शाळेची सहल आली, मग म्हाताऱ्यांचा एक जथा आला. ही दोघं भिंतीला चिकटून उभी, पाहुण्यांच्या घरी पडदा फाडलेल्या मुलांसारखी.

"ताइस्तो, सहाला जहाज सुटतं."

"मला माहीत आहे."

"लेम्पी उद्या नऊला उभी राहणार आहे."

"मला तेही माहीत आहे."

"मग बोल की!"

"तू बोल."

मी तिकडे काचेमागे तडफडत होते. तिकिटं माझ्या पोटात होती, जहाज माझ्या पाठीशी होतं, माणसं माझ्यासमोर होती, आणि तोंड मात्र मला नव्हतं. देवाने, नाहीतर त्या कारखानदाराने, कड्या दोन दिल्या, तोंड एक दिलं नाही.

पावणेसहाला हमाल आला आणि त्याने माझा गाडा हलवला. ताइस्तोने हात वर केला. पूर्ण नाही, छातीपर्यंतच. हमालाला वाटलं, निरोप देतोय. सभ्य माणूस होता, त्यानेही हसून हात वर केला आणि मला जहाजाच्या पोटात घेऊन गेला.

त्यानंतर फाटक बंद करताना त्या बाईची नजर भिंतीकडे गेली. "अगं बाई! तुम्ही अजून इथेच?" ती म्हणाली. शिडी तोवर वर उचलली होती. भोंगा झाला. आउनेने काचेतून जहाज हलताना पाहिलं, आणि मग उभ्या जन्मात जे केलं नव्हतं ते केलं. ती ओरडली. भर दालनात, सगळ्यांसमोर, रडत रडत तिने सगळं सांगून टाकलं. पत्र, बारा वर्षं, आई, कॉफी, सगळं. म्हणे कोपऱ्यातला झाडूवालासुद्धा काम थांबवून ऐकत उभा राहिला.

फाटकातली बाई शरमून गेली होती. "उद्याच्या जहाजात मी स्वतः तुम्हाला बसवते," ती म्हणाली. "पण उद्या सकाळी तुमच्या बहिणीला कळणार कसं? जहाजाला बिनतारी निरोप देऊ? तिथे त्यांचं नाव पुकारतील."

"नको," आउने म्हणाली. "नाव पुकारलं तर ती चिडून निघून जाईल. ती तसलीच आहे, मीही तसलीच आहे. तुम्ही एवढंच करा. लाल पट्ट्याची एक सुटकेस आहे. ती धक्क्यावर मधोमध ठेवायला सांगा. मी निघाले होते हे तिला कळू दे. बाकी तिची मर्जी."

हे सगळं मला मागाहून कळलं. मी आपली अंधारात, अनोळखी सामानाच्या ढिगाखाली, मनात एकच घोकत होते. उद्या ती उभी राहणार, आणि कुणीच उतरणार नाही.

सकाळी स्टॉकहोमला सगळं सामान धक्क्याजवळच्या पडवीत काढून मांडलं. दार सताड उघडं होतं. मला लेम्पी लगेच दिसली. केस पांढरे झाले होते, पण उभं राहायची तऱ्हा तीच, एक खांदा वर. काखेत थर्मास होता. शिडीवरून उतरणाऱ्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडे ती बघत होती. उतारू आले, गळाभेटी झाल्या, टॅक्सी निघून गेल्या. माझ्या आजूबाजूचं सामान एकेक करून गेलं. साडेनऊ झाले, पावणेदहा झाले. शिडीवर शेवटी फक्त एक खलाशी उरला. लेम्पीने थर्मास दुसऱ्या काखेत घेतला आणि ती वीस-पंचवीस पावलांवरच्या बसथांब्याकडे निघाली.

तेवढ्यात एक अधिकारी हातात कागद घेऊन पडवीत शिरला. "लाल पट्टा, लाल पट्टा," असं पुटपुटत त्याने काय उचलावं? लाल रिबीन बांधलेली कुणाची तरी हॅटपेटी! अरे माणसा, डोळे आहेत की कोटाची बटणं? तो दारापर्यंत गेला, थबकला, कागद पुन्हा वाचला, मागे वळला. मग एकदाची त्याला मी दिसले. "बापरे, काय जड!" म्हणत त्याने मला उचललं आणि धक्क्याच्या मधोमध नेऊन आदळलं.

बस आली होती. लेम्पीचा एक पाय पायरीवर होता.

आदळल्याबरोबर माझी डावी कडी उघडली. खट्ट! जन्मभर ज्या कडीने मला शिव्या खायला लावल्या, तिचाच तो आवाज. लेम्पी तो ऐकून वळली, की जहाजाकडे शेवटचं बघायला वळली, देव जाणे. पण वळली. रिकाम्या धक्क्यावर मी एकटी उभी होते.

तिने पाय खाली घेतला. बस गेली. ती हळूहळू माझ्यापाशी आली, गुडघ्यावर बसली, पट्ट्यावरून बोट फिरवत फिरवत त्या हिरव्या धाग्यावर थांबली. झाकण उघडलं. आत आईच्या अक्षरात दोन नावं. कापडी खिशात दोन तिकिटं, कालच्या तारखेची, न फाडलेली.

"निघाली होती," ती म्हणाली. मग मोठ्याने म्हणाली, "तिकिटं बॅगेत! गाढवं कुठली!" आणि माझ्यावर बसून इतकी हसली, इतकी रडली, की तो अधिकारी पाणी घेऊन धावत आला. थर्मास तिने उघडला नाही. "उद्याच्या जहाजाने येतील तेव्हा," असं थर्मासला थोपटून म्हणाली. मग मला उचललं. हात बदलला, कुरकुर केली, पण बसमध्ये सगळा वेळ मला मांडीशी धरून बसली.

दुसऱ्या दिवशी नऊला ती पुन्हा त्याच जागी उभी होती. या खेपेला पायाशी मी होते, म्हणजे चुकामुकीचा प्रश्नच नव्हता. आउने शिडीवरून उतरली ती थेट आमच्यासमोर येऊन थांबली. रात्रभर पाठ केलेलं वाक्य तिने सुरू केलं. "लेम्पी, त्या दिवशी दारात मी..."

"गप बस," लेम्पी म्हणाली. थर्मासचं झाकण भरून तिने पुढे धरलं. "कॉफी आहे. गरम आहे. आधी ती पी."

आउनेने दोन्ही हातांनी ते झाकण धरलं, पण पिववेना तिला. ताइस्तो बाजूला उभा होता. तो हळूच म्हणाला, "मलाही थोडी मिळेल का?"

"बघ!" आउने डोळे पुसत म्हणाली. "हा बोलायला शिकला."

मित्रांनो, त्यानंतर मी सतरा उन्हाळे दोन्ही देशांत ये-जा केली. एका वर्षी आउनेकडे, एका वर्षी लेम्पीकडे. आईचं म्हणणं दोघींनी शेवटी ऐकलं. आता दोघीही नाहीत. मी साइमीच्या घरी जिन्याखाली असते. माझ्यात पुन्हा मोजे भरलेत. पत्रा गंजलाय, पट्ट्याची एक बाजू उसवत चाललीय, हिरव्या धाग्याच्या जवळच. कुणी दोन टाके घातले तर बरं होईल.

तुमच्या घरीही माळ्यावर कुणीतरी माझ्यासारखं असेल. टाकून देण्याआधी जरा पुसून बघा. कधीतरी तुमच्या घरच्या माणसाला तेच ओळखीचं वाटेल. आणि आणखी एक. त्या काचेमागे मी गप्प राहिले ते मला तोंड नव्हतं म्हणून. तुम्हाला आहे ना? मग रांग संपायची वाट बघू नका.